उशिरा बसवलेलं सस्पेन्शन

मी बर्फावर चालणारी गाडी बोलतेय, आणि बोलतेय दुबईतून. हसू नका. बाहेर डांबर मऊ पडेल असं ऊन असतं हे मलाही ठाऊक आहे. सध्या मी त्याच उन्हात उभी आहे. पण माझं आयुष्य गेलं ते चार भिंतींच्या आत तयार केलेल्या बर्फावर.

मला स्नोमोबाईल म्हणतात. पुढे चाकं नाहीत, घसरायला दोन पाट आहेत. मागेही चाक दिसणार नाही तुम्हाला, एक रुंद रबरी पट्टा दिसेल. तो फिरतो, बर्फाला धरतो आणि मला पुढे ढकलतो. या पट्ट्याच्या पोटात माझं मागचं सस्पेन्शन असतं: दोन लांब दांडे, जाड स्प्रिंगा आणि दोन शॉकअप. खालून येणारा प्रत्येक दणका आधी त्यांनी खायचा आणि उरलासुरला तेवढा वर बसलेल्या माणसापर्यंत जाऊ द्यायचा. ते नीट असलं, की ते आहे याची माणसाला आठवणसुद्धा होत नाही.

जन्म माझा फार उत्तरेचा, एका थंड देशातल्या कारखान्यातला. तिथे काही हिवाळे मी डोंगरात पळाले. मग मालकाने नवी गाडी घेतली, मला विकलं, आणि मी एका कंटेनरमध्ये बंद झाले. जबेल अली बंदरावर त्याचं दार उघडलं तेव्हा जी हवा आत आली, तिने माझ्या सीटचं कव्हर चिकट झालं. मला वाटलं, आपण संपलो. पण ट्रकने मला दुबईच्या कडेला एका प्रचंड हॉलमध्ये नेलं. आत उतार होता आणि उतारावर पांढरा बर्फ.

तिथे माझं काम सोपं होतं. हॉल उघडायच्या आधी उतारावर जाळ्या, खांब, दोर पोचवायचे. आणि कुणी स्कीवरून पडून हातपाय मोडून घेतले, तर मागे घसरगाडी जोडून त्याला खाली आणायचं.

माणसांची मला मोठी गंमत वाटायची. बाहेर उकाड्याने जीव नकोसा झालेला असायचा, म्हणून ती पैसे भरून थंडीत यायची. मग थंडी वाजते म्हणून कोपऱ्यातल्या टपरीवर गरम चॉकलेट प्यायची. पहिल्यांदा बर्फ पाहणारं माणूस लहान असो वा म्हातारं, कुणी बघत नाही ना याची खात्री करून बर्फ जिभेला लावणारच. मग घरी व्हिडिओ कॉल. "हे बघ, बर्फ! अगं खरा, खरा!"

मला चालवायचा दौलत. मंडणगडकडचा. इथे तो आधी हॉल बांधणाऱ्यांच्या टोळीत आला होता. हॉल उभा राहिला आणि दौलत तिथेच चिकटला. मदतनीस म्हणून लागला, गाडी शिकला, आणि मी आले तेव्हा माझी किल्ली त्याच्या गळ्यात पडली. राहायचा अल कुसैसला, गाववाल्यांबरोबर एका खोलीत. कंपनीच्या बसमधून उतरला की जाडा कोट चढवायचा, कानटोपी ओढायचा, माझ्या बॉनेटवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "चल गं बाई, यल्ला."

अशी वर्षं गेली. मग एका शॉकअपमधून तेल गळायला लागलं. थोड्या दिवसांत तो पार बसला. मग एक स्प्रिंग तुटली, आणि डावीकडचा दांडा वाकला. हॉलमधला बर्फ आभाळातून पडलेल्या बर्फासारखा मऊ नसतो. रोज दाबून दाबून तो फरशीसारखा होतो. उताराच्या मध्यावर तर त्याचे कडक उंचवटे होते. त्यावरून जाताना माझं मागचं अंग सरळ आपटायचं आणि दणका थेट सीटमधून दौलतच्या कमरेत शिरायचा. मला तो थांबवता येत नव्हता. थांबवायचं ज्याने, तेच मोडलं होतं.

हॉलच्या देखभालीचे प्रमुख होते सदानंद देसाई. पुण्याचे. अल बर्शाला बायको शोभना आणि मुलगी ईशानीबरोबर राहायचे. माणूस सज्जन, कुणावर आवाज चढवणारा नव्हे. दौलत त्यांच्याकडे गेला.

"साहेब, मागचा शॉकअप खलास झालाय. स्प्रिंगपण गेली. बसवत नाही हो गाडीवर."

"कळवलंय रे वरती. पुढच्या महिन्यात येईल, इन्शाल्ला."

हा शब्द मनापासून, श्रद्धेने उच्चारणारी माणसं मी इथे पाहिली आहेत. ऑफिसात मात्र तो दार हळूच लोटून घेतल्यासारखा यायचा. पुढचा महिना आला. मग त्याच्या पुढचा. दौलत विचारायचा, सदानंद तेच सांगायचे. खोटं बोलत नव्हते ते. त्यांनी खरंच कळवलं होतं. वरून उत्तर येत होतं की हे मॉडेल बंद झालंय, पार्ट मिळत नाही, आणि नवी गाडी घ्यायचीच आहे तर जुनीवर खर्च कशाला? नवी गाडी कधी, ते कुणी सांगत नव्हतं. तोपर्यंत मला चालवायचं होतं, आणि चालवायचं म्हणजे दौलतने.

त्याने सीटवर जुनी रजई घडी करून बांधली. मग कमरेला पट्टा आला. मग बामचा वास. उंचवट्यांजवळ आला की तो सीटवरून उठून उभा राहायचा, गुडघ्यांवर दणका घ्यायचा. हळूहळू त्याला उठायलाही वेळ लागू लागला.

जेवणाच्या सुट्टीत तो माझ्यावरच आडवा बसून घरी फोन लावायचा. घरी म्हातारी आई तानुबाई, आणि मुलगी प्रज्ञा. बायको वारलेली. प्रज्ञा नर्सिंग शिकत होती आणि नवं शिकलेलं सगळं बापावर तपासून बघायची.

"बाबा, खरं सांगा. कंबर दुखते ती पायात उतरते का?"

"नाय गं."

"पायाला मुंग्या येतात?"

"थंडीत सगळ्यांनाच येतात."

"मग टाचांवर उभे राहून दाखवा. पंजे वर. आत्ता, माझ्यासमोर."

दौलत हसला. "अगो, आमच्याकडे आज काय गंमत झाली ती बघ," म्हणाला आणि कॅमेरा फिरवून तिला बर्फ दाखवू लागला. एका अरबी आजोबांना नातवंडं बर्फाचे गोळे मारत होती. प्रज्ञा बघत राहिली, पण हसली नाही.

फोन ठेवल्यावर त्याने आजूबाजूला पाहिलं. माझं हँडल धरून तो टाचांवर उभा राहिला. उजवा पंजा वर आला. डावा तिथेच राहिला. त्याने पुन्हा करून पाहिलं. मग खाली बसून त्या बुटाकडे बराच वेळ बघत राहिला, जणू तो बूट दुसऱ्या कुणाचा होता.

डॉक्टरकडे तो गेला नाही. एकदा अनफिट म्हटलं, की कंपनी व्हिसा वाढवणार नाही, हे त्याच्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. प्रज्ञाचं शेवटचं वर्ष बाकी होतं. तेवढं निघालं की बघू, असं तो मनाशी, म्हणजे माझ्याशी, बोलायचा.

एक दिवस सदानंदनी त्याला पाहिलं. मला जागेवर लावून तो भिंतीला धरत धरत चालला होता.  दुसऱ्या दिवशी ते टेप घेऊन आले आणि माझ्याखाली वाकून मापं घेऊ लागले. पट्ट्याची रुंदी, त्याच्या दात्यांमधलं अंतर, बोल्टची जागा.

"दौलत, आपल्या मॉडेलचं सस्पेन्शन नाही मिळणार. दुसऱ्या गाडीचं बसवू."

"बसेल?"

"बसवू रे."

पुढची गोष्ट मी त्यांच्या बोलण्यातून ऐकली. सदानंद सुट्टीच्या दिवशी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकत, जुन्या पार्ट्सच्या बाजारात फिरले. दुकानदार हसायचे. "बर्फ की गाडी? साब, यहाँ?" शेवटी नूरुद्दीन नावाच्या एका मल्याळी माणसाच्या आवारात, पत्र्याखाली, माझी एक बहीण सापडली. कुणा हौशी माणसाने तिला वाळूच्या टेकड्यांवर पळवायला आणलं होतं. आता आमची गोष्ट अशी असते, की पट्ट्याने उडवलेला बर्फच आमच्या इंजिनाला थंड ठेवतो. वाळू कुणाला थंड ठेवणार? एका दुपारीत तिचं इंजिन जळलं आणि सस्पेन्शनच्या दांड्यांखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या वितळून गेल्या. पण दांडे सरळ होते, शॉकअप कोरे होते. ते सस्पेन्शन माझ्यापेक्षा दीडेक वीत लांब होतं, म्हणून सदानंदनी तिचा पट्टाही बरोबर घेतला. वितळलेल्या पट्ट्यांच्या जागी नव्या कापून आणल्या. हे सगळं त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर केलं. वरती कुणाला विचारलं नाही.

डागडुजीसाठी हॉल बंद होता, तेव्हा त्यांनी मला मागच्या वर्कशॉपमध्ये नेलं आणि जुन्या टायरांवर आडवं केलं. चार बोल्ट काढले की सस्पेन्शन बाहेर येतं. तीन आले. चौथा गंजून धरून बसला होता. दौलतने पाना लावला, खांदा टेकवला, आणि जोर केला. त्याचा चेहरा एकदम पांढरा पडला.

"सोड. बस तिकडे," सदानंद म्हणाले. "आज तू नुसतं सांगायचं, मी करणार."

"साहेब, तुम्हाला नाय जमायचं."

"मग जमेपर्यंत शिव्या घाल."

बोल्ट तापवला, तेल सोडलं, आणि अखेर तो निघाला. माझं जुनं सस्पेन्शन जमिनीवर पडलं तेव्हा दोघंही वाकून बघू लागले. आत असताना दिसत नव्हतं, पण दांडा धनुष्यासारखा वाकला होता. शॉकअपच्या जागी नुसता लोखंडी दांडका उरला होता.

"ह्याच्यावर बसत होतास तू?" सदानंदनी विचारलं.

दौलतने नव्या सस्पेन्शनकडे बोट केलं.

नवं आत सरकवलं. पुढची भोकं जुळली, मागची जुळेनात. लांबीच वेगळी. खडूने खुणा केल्या, दोन्ही बाजूंनी पुन्हा पुन्हा मापलं. जरा तिरकं बसलं, तर पट्टा एका बाजूला घासून फाटला असता. मग माझ्या अंगात ड्रिल शिरलं. मला दुखत नाही, पण थरथर लागते. भोकांना आतून जाड पट्टी लावून बोल्ट आवळले. पट्ट्यावरचं पत्र्याचं छत मागे आखूड पडत होतं, त्याला अॅल्युमिनियमचा तुकडा जोडला. लांब पट्टा चढवून ताणला.

मध्येच जेवण झालं. शोभनाबाईंनी दोघांपुरता डबा दिला होता, भरली वांगी आणि भाकरी. सदानंदांचा फोन वाजला, ईशानी होती.

"बाबा, व्हेन आर यू कमिंग? यू प्रॉमिस्ड."

"येतो गं, थोडंच राहिलंय. काकांची गाडी दुरुस्त करतोय."

फोन ठेवून ते म्हणाले, "दौलत, उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येतो बरोबर. कंपनीचं मी बघतो."

"जाऊ साहेब. आधी गाडी होऊ दे."

"गाडीचं काय एवढं?"

"तिला बघायला कोण आहे?" असं म्हणून दौलतने भाकरीचा तुकडा मोडला. मला ते ऐकून काय वाटलं, ते मला सांगता येणार नाही. गाडीला शब्द कमी असतात.

संध्याकाळच्या आत मी उभी राहिले. मागून जरा उंच, जरा लांब. सदानंद स्वतः बसायला निघाले, पण दौलतने किल्ली सोडली नाही. "पहिली फेरी माझी."

तो बसला. मी उतारावर निघाले. हॉल रिकामा होता, कुणाचा आवाज नव्हता. उंचवटे जवळ आले. दौलत सवयीने उठायला गेला, त्याला उठता आलं नाही, आणि मी त्या उंचवट्यांवर चढले. नव्या स्प्रिंगा दबल्या. शॉकअपनी दणका खाल्ला, पुरता खाल्ला, आणि मी पाण्यावरून गेल्यासारखी पलीकडे गेले. दौलत ओरडला. इतक्या वर्षांत तो असा ओरडलेला मी ऐकला नव्हता. वळून पुन्हा गेला, पुन्हा वळून आला.

"साहेब!" तो वरून हाका मारत होता. "काहीच लागलं नाय! काहीच जाणवलं नाय!"

खाली सदानंद टाळ्या वाजवत होते.

मध्यावर त्याने मला थांबवलं. नवं सस्पेन्शन वाकून बघायला तो डावा पाय टाकून उतरू लागला. पाय बर्फावर टेकला आणि दुमडला. आवाज काहीच झाला नाही. दौलत माझ्या कडेला बसकण मारल्यासारखा पडला. उठायला गेला आणि पुन्हा पडला.

"घसरलास का रे?" सदानंद धावत येत होते.

"नाय साहेब. पाय..." तो मांडीवर मूठ मारत होता. "साहेब, हे लागत नाय मला. इथे मारतोय ते लागत नाय."

तिथे तिसरं कुणी नव्हतं. सदानंदनी घसरगाडी ओढत आणली, तिच्यात दौलतला झोपवलं, पट्टे बांधले, आणि स्वतः माझ्यावर बसले.  मी हळूहळू उतरले. नव्या सस्पेन्शनने वाहिलेलं पहिलं ओझं दौलतचंच होतं. एकदाही हिसका बसला नाही. बसला असता तर त्याला कळला असता की नाही, कोण जाणे.

हॉस्पिटलमध्ये त्याच दिवशी ऑपरेशन झालं. सदानंद नंतर वर्कशॉपमध्ये कुणाला तरी सांगत होते, ते मी ऐकलं. मणक्यातली चकती सरकून नस कित्येक महिने दबली होती. डॉक्टर म्हणाले, आधी आला असता तर. एवढंच म्हणाले आणि पुढचं वाक्य कुणी पुरं केलं नाही.

दौलतचा पाय परत आला नाही. कंपनीने रीतसर सगळं केलं, तिकीट काढून दिलं, फुलं दिली. व्हीलचेअरवरून त्याला विमानात चढवलं, असं म्हणतात. जाण्याआधी तो मला भेटला नाही. त्याला आत आणणार कोण, आणि आणायचं तरी कशाला?

माझ्यावर रोनित नावाचा नवा ड्रायव्हर आला. चांगला होता. पहिल्या दिवशी उतरल्यावर म्हणाला, "काय स्मूथ आहे यार ही!" सदानंद शेजारी उभे होते. ते तिथून निघून गेले.

आणि मग, इतके महिने जी कुणाला सुचत नव्हती, ती नवी गाडी आली. विजेवर चालणारी, धूर नाही, आवाज नाही. मला वर्कशॉपमागच्या आवारात आणून उभं केलं. इथे सावली फक्त सकाळी असते. बर्फासाठी बनवलेलं रबर उन्हात तडकतं, हे मी आता शिकले आहे. सीट उकलली आहे. वारा सुटला की वाळू येते आणि माझ्या पट्ट्यात शिरते.

मध्यंतरी एका दुपारी सदानंद इथे आले. रुमाल डोक्यावर धरून माझ्याजवळ उभे राहिले आणि त्यांनी फोन लावला. आधी तानुबाई बोलल्या. "भाऊ, माझ्या पोराला परत बोलवाल ना? काम करील तो बसून."

"बघतो आई," सदानंद म्हणाले. 

मग दौलत आला. तो काठी घेऊन अंगणापर्यंत जातो म्हणाला. पाय ओढत नेतो.

"प्रज्ञाचं कॉलेज?"

"थांबलंय सध्या. माझंच बघते सगळं. पेशंट घरचाच मिळाला तिला." तो हसला. सदानंदनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"साहेब, गाडी कशी आहे?"

सदानंदनी माझ्याकडे पाहिलं. तडकलेला पट्टा, वाळू, फाटकी सीट.

"मस्त आहे. रोज पळतेय."

"दणका?"

"अजिबात नाही."

"झ्याक काम झालं हो आपलं," दौलत म्हणाला. "पुढच्या माणसाची पाठ वाचली."

फोन बंद झाला. सदानंदनी आधारासाठी माझ्या सीटवर हात ठेवला, आणि चटका बसून लगेच काढला. नंतर ते पुन्हा आले नाहीत. ते आता येतील असं मला वाटतही नाही.

थोड्याच दिवसांत ट्रक येईल आणि मला भंगारात नेईल. मी आता तुमचा निरोप घेते. स्वतःसाठी मला काही मागायचं नाही. बर्फ तर नकोच, तो माझ्या नशिबात आता नाही. तुमच्यापैकी कुणाच्या हाताखाली माणसं काम करत असतील आणि त्यातला एखादा येऊन म्हणाला, बसवत नाही हो, तर त्या माणसाकडे त्याच दिवशी बघा.

आणि मला तोडणाऱ्यांनो, माझं इंजिन जुनं झालंय, रबर गेलंय, पण मागचं सस्पेन्शन अजून चांगलं आहे. कुणाच्या तरी गाडीला बसवा. फक्त वेळेवर बसवा.